दोन तारा, दोन कॅमेरे आणि एक पत्ता : कॅमेऱ्याचा कीपॅड कसा जोडायचा?



आजचा पाठ कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. तरी तो लिहावासा वाटला, कारण आता बहुतेक शाळांत कॅमेरे आले आहेत आणि ते नीट चालतात की नाही हे बघायची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते. माझं शिक्षण डी.एड. मी इलेक्ट्रिशियन नाही. पण एका चुकीमुळे मला हे सगळं शिकावं लागलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून सांगते.

मी जांब समर्थला राहते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. लग्नात 'सावधान' हा शब्द कानावर पडला आणि छोटा नारायण मंडपातून निघून गेला, ही आख्यायिका आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही सांगता येते. त्याच गावातल्या राम मंदिरातून २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात मूर्ती चोरीला गेल्या. समर्थांच्या घराण्याशी जोडलेल्या त्या मूर्ती. गावात त्या दिवशी कुणाला काही सुचत नव्हतं. पुढे दोनेक महिन्यांनी पोलिसांनी तपास लावला, आरोपी पकडले, मूर्ती मिळाल्या. पण मधल्या काळात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं : "कॅमेरे बसवा."

मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना घडली. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबद्दल निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसवणं आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा त्याचं चित्रीकरण तपासणं, हे त्यातले दोन मुद्दे. म्हणजे कॅमेरा लावला की काम संपलं, असं नाही. तो बघायचाही आहे.

आमच्या शाळेत काय झालं

मी ज्या वस्तीवरच्या शाळेत शिकवते, तिथे लोकवर्गणीतून दोन फिरते कॅमेरे आले. एका ओळखीच्या माणसाने शहरातल्या ऑफिसमधून निघालेले जुने कॅमेरे मिळवून दिले, सोबत एक कीपॅडही दिला. एक कॅमेरा गेटवर बसवला. दुसरा मागच्या बाजूला, बोअरची मोटार आणि पोषण आहाराच्या तांदळाची खोली दिसेल असा. बसवणारा माणूस एका दुपारी येऊन काम करून गेला. "मॅडम, ही दांडी हलवली की कॅमेरा हलतो," एवढंच त्याचं प्रशिक्षण.

दांडी हलवली की कॅमेरा हलायचा, हे खरं. आम्ही खूश.

तीन महिन्यांनी रात्रीतून बोअरची मोटार गेली. सकाळी आम्ही मोठ्या विश्वासाने रेकॉर्डिंग लावलं. मागचा कॅमेरा रात्रभर चालू होता. चित्र स्वच्छ होतं. फक्त त्या चित्रात मोटार नव्हती, कडुलिंबाचं झाड होतं. अख्खी रात्र कडुलिंबाच्या फांद्या हलताना दिसत होत्या.

कॅमेरा कुणी फिरवला? कुणीच नाही. मग कसा फिरला? आदल्या संध्याकाळी मीच गेटबाहेर थांबलेली एक गाडी बघण्यासाठी गेटचा कॅमेरा डावीकडे वळवला होता. दोन्ही कॅमेऱ्यांना एकच नंबर दिलेला होता. त्यामुळे गेटच्या कॅमेऱ्याला दिलेला हुकूम मागच्यानेही ऐकला आणि तोही डावीकडे वळला. माझं लक्ष पडद्यावरच्या गेटकडे होतं. मागचं चित्र मी मोठं करून बघितलंच नाही.

पाण्याविना मुलांचे बारा दिवस गेले. बाया डोक्यावर हंडे आणून शाळेचा माठ भरायच्या. तेव्हा ठरवलं की हा कीपॅड आपण समजून घ्यायचा.

कीपॅड म्हणजे नक्की काय?

कॅमेरे दोन प्रकारचे. एक स्थिर, म्हणजे जिकडे तोंड करून बसवला तिकडेच बघणारा. दुसरा फिरता, ज्याला दुकानदार पीटीझेड म्हणतात. पॅन म्हणजे डावी-उजवीकडे वळणं, टिल्ट म्हणजे वर-खाली होणं आणि झूम म्हणजे दूरचं जवळ आणून दाखवणं. ही तीन कामं करायला सांगणारं यंत्र म्हणजे कीपॅड. त्यावर आकड्यांची बटणं असतात, एक छोटा पडदा असतो आणि एक दांडी असते, जिला सगळे जॉयस्टिक म्हणतात. दांडी आडवी ढकलली की कॅमेरा वळतो, पुढे-मागे केली की वर-खाली होतो आणि तिचं टोक पिळलं की झूम होतो.

मुंबईत २६/११ नंतर शहरभर कॅमेऱ्यांचा प्रकल्प झाला, चार हजारांहून जास्त कॅमेरे लागले. तिथले पोलीस नियंत्रण कक्षात बसून फिरते कॅमेरे वळवतात, ते अशाच यंत्रणेने. आपल्याकडे दोन कॅमेरे, तिथे हजारो. तत्त्व एकच.

एक लक्षात घ्या. कीपॅडमधून चित्र जात नाही. चित्र कॅमेऱ्याकडून रेकॉर्डरकडे वेगळ्या तारेने येतं. कीपॅडमधून फक्त हुकूम जातो. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत असलं तरी हुकुमाची तार तुटलेली असू शकते, आणि उलटही होऊ शकतं.

दोन तारांची भाषा

जुन्या पद्धतीच्या कीपॅडमध्ये हुकूम दोन तारांवरून जातो. या पद्धतीचं नाव आरएस-४८५. हे मानक १९८३ मध्ये आलं आणि कारखान्यांत, लिफ्टमध्ये, मीटरमध्ये आजही चालू आहे. एका तारेला ए म्हणतात, दुसरीला बी. काही यंत्रांवर अधिक-उणे अशी खूण असते.

दोन तारा कशासाठी? एका तारेवर बाहेरचा त्रास लगेच होतो. शेजारून मोटारीची लाईन गेली, वीज कडाडली की तारेत नको तो दाब तयार होतो. यावर उपाय असा केला की दोन तारा एकमेकींना पिळून न्यायच्या आणि घेणाऱ्याने दोघींमधला फक्त फरक बघायचा.

मी वर्गात हे असं दाखवते. दोन मुलं शेजारी उभी करायची, एक उंच, एक बुटका. दोघांच्या पायाखाली सारखाच पाट ठेवायचा. दोघांची उंची वाढली, पण दोघांमधला फरक तेवढाच राहिला. बाहेरचा त्रास म्हणजे तो पाट. तारा पिळलेल्या असल्या की त्रास दोघींना जवळपास सारखाच होतो, फरक बदलत नाही आणि हुकूम शाबूत पोहोचतो.

यातून पहिला नियम निघतो : ए आणि बी या एकाच पिळाच्या जोडीतल्या तारा हव्यात. नेटवर्कच्या केबलमध्ये चार जोड्या असतात. निळी आणि निळी-पांढरी ही एक जोडी. निळी घ्यायची आणि दुसरी म्हणून नारिंगी घ्यायची, ही चूक फार जण करतात. थोड्या अंतरावर चालून जातं, लांब गेलं की कॅमेरा कधी ऐकतो, कधी ऐकत नाही.

दावण बांधा, फांद्या फोडू नका

दुसरा नियम तारांच्या रचनेचा. आपल्याकडे गोठ्यात बैल दावणीला कसे बांधतात? एक लांब दावण, तिच्यावर ओळीने बैल. आरएस-४८५ ची तार तशीच न्यायची. कीपॅडपासून पहिल्या कॅमेऱ्याकडे, तिथून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. कीपॅडपासून प्रत्येक कॅमेऱ्याला वेगवेगळी फांदी फोडायची नाही.

याचं कारण बारवेत ओरडून बघितलं की कळतं. आवाज तळाशी जाऊन परत येतो. तारेतही हुकूम टोकाला जाऊन उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या हुकुमात मिसळतो. जितकी टोकं जास्त, तितके प्रतिध्वनी जास्त. म्हणून दावण एकच ठेवायची आणि तिच्या दोन्ही टोकांना ए आणि बी यांच्यामध्ये १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा. तो प्रतिध्वनी शोषून घेतो. कित्येक कॅमेऱ्यांत आणि कीपॅडमध्ये तो आतच असतो, एक छोटं बटण 'ऑन' केलं की लागू होतो. मधल्या कॅमेऱ्यांना मात्र तो लावायचा नाही.

तो लागला की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. सगळं बंद करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि ए व बी यांच्यामध्ये मोजा. १२० चे दोन रेझिस्टर समांतर लागले असतील तर साधारण ६० दिसेल. १२० च्या आसपास दिसलं तर एकच लागला आहे किंवा मध्ये कुठेतरी तार तुटली आहे. ४० दिसलं तर कुणीतरी तिसरा लावून ठेवला आहे. सहावी-सातवीच्या मुलांना हा अपूर्णांकाचा हिशोब करायला द्या. १२० भागिले २, १२० भागिले ३. यंत्राने उत्तर बरोबर दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अशी दावण कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते आणि मूळ मानकाप्रमाणे तिच्यावर ३२ यंत्रं चालतात. शाळेला याच्या दहाव्या भागाचीही गरज नसते.

साहित्य

१. पिळाच्या जोडीची तांब्याची केबल. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल घेऊ नका. ती लवकर तुटते.
२. तार सोलायचं स्ट्रिपर, पक्कड, बारीक स्क्रू ड्रायव्हर.
३. मल्टिमीटर.
४. पीव्हीसी पाईप किंवा केसिंग पट्टी. उघडी तार उंदीर आणि खारी ठेवत नाहीत.
५. बाहेरच्या जोडांसाठी पाणी न शिरणारा डबा.
६. भिंतीतल्या गिट्ट्या, स्क्रू, टेप आणि चिठ्ठ्या लिहायला मार्कर.
७. कीपॅडचा स्वतःचा ॲडॉप्टर. बहुतेक कीपॅड १२ व्होल्टवर चालतात, पण मागची पट्टी वाचूनच खात्री करा.

आधी सावधान

२३० व्होल्टचं काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. शिडीवर चढायचं कामही मुलांसमोर किंवा मुलांकडून नाही. आपण जे करणार ते कमी दाबाच्या तारांचं आणि सेटिंगचं. तेही सगळा पुरवठा बंद करून. मोटारीची किंवा लाईटची वायर आणि कॅमेऱ्याची केबल एकाच पाईपातून नेऊ नका. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा फार पडतात. म्हणून इमारतीबाहेर जाणाऱ्या तारेला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच.

कृती : एक एक पायरी

पायरी १. नकाशा काढा. कागदावर शाळा काढा. कीपॅड कुठे, कॅमेरे कुठे, तार कुठून जाणार, अंतर किती. आमचा नकाशा मी चौथीच्या मुलांकडून पावलांनी मोजून घेतला.

पायरी २. कीपॅडची जागा ठरवा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, रेकॉर्डरच्या पडद्यासमोर. खिडकीजवळ नको, ऊन आणि धूळ दोन्ही लागतात. मुलांचा हात पोहोचेल अशी जागा नको.

पायरी ३. तार ओढा. दावणीच्या पद्धतीने. प्रत्येक वळणावर आणि टोकाला हातभर तार जास्त ठेवा. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा : 'ए - निळी, बी - निळी-पांढरी.' सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

पायरी ४. कीपॅडला जोडा. मागे हिरव्या रंगाची स्क्रूची पट्टी असते किंवा नेटवर्कच्या पिनेसारखी खाच असते. खाच असली तर कोणत्या पिनेवर ए आणि कोणत्या पिनेवर बी हे त्या कीपॅडच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तार साधारण अर्धा सेंटिमीटरच सोला. जास्त सोलली की शेजारच्या तारेला चिकटते.

पायरी ५. कॅमेऱ्याला जोडा. ए ला ए, बी ला बी. गंमत अशी की काही कंपन्यांची ए म्हणजे दुसऱ्या कंपनीची बी असते. सगळं बरोबर असून कॅमेरा हलत नसेल तर दोन तारा आपसात बदलून बघा. यात यंत्र बिघडत नाही.

पायरी ६. कॅमेऱ्याची वीज वेगळी द्या. हुकुमाच्या बारीक तारेतून कॅमेऱ्याची वीज नेऊ नका. हिशोब करून बघा. त्या केबलच्या एका बारीक तारेला १०० मीटरला साधारण ९ ओहमचा विरोध असतो. कॅमेरा ५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर तार झाली. १ अँपिअर वाहिला तर ९ व्होल्ट वाटेतच संपले. १२ मधून ९ गेले, कॅमेऱ्याला उरले ३. मग तो दिवसा कसाबसा उठतो आणि रात्री दिवे लागले की बंद पडतो. लोक म्हणतात, कॅमेरा खराब आहे. बिचारा उपाशी असतो.

पायरी ७. कॅमेऱ्याला पत्ता द्या. इथेच आमची चूक झाली होती. म्हणून हा भाग सावकाश सांगते.

पत्ता : पाढ्यापेक्षा सोपा

दावणीवरचा हुकूम सगळ्या कॅमेऱ्यांना ऐकू जातो. वर्गात मी "उठ" म्हटलं तर सगळेच उठतील. "हजेरी नंबर २, उठ" म्हटलं तर एकच उठेल. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा नंबर लागतो. हजेरीपटावर दोन मुलांना एकच नंबर दिला तर काय होईल? आमच्या शाळेत तेच झालं. दोन्ही कॅमेरे नंबर १.

नंबर देण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत किंवा बुडाशी छोट्या स्विचांची ओळ असते. तिला डिप स्विच म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत पहिल्या स्विचची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, पाचव्याची १६, सहाव्याची ३२. जे स्विच 'ऑन', त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे कॅमेऱ्याचा नंबर.

- नंबर १ : फक्त पहिला ऑन.
- नंबर २ : फक्त दुसरा ऑन.
- नंबर ३ : पहिला आणि दुसरा ऑन (१ + २).
- नंबर ५ : पहिला आणि तिसरा ऑन (१ + ४).
- नंबर ११ : पहिला, दुसरा आणि चौथा ऑन (१ + २ + ८).

हीच द्विमान पद्धत. तिसरीच्या मुलांना मी १, २, ४, ८, १६ अशी पाच कार्डं देते आणि सांगते, "१९ करून दाखवा." दोन मिनिटांत १६, २ आणि १ वर येतात. मग विचारते, "१९ करायची दुसरी एखादी रीत आहे का?" शोधून शोधून दमतात, सापडत नाही. प्रत्येक संख्येची जुळणी एकच असते, म्हणून तर ही पद्धत पत्त्याला चालते.

स्विच बदलल्यावर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा. नाहीतर तो जुनाच नंबर धरून बसतो.

पायरी ८. भाषा आणि वेग जुळवा. पत्ता बरोबर असला तरी दोघांची भाषा एक हवी. जुन्या कॅमेऱ्यांत पेल्को-डी आणि पेल्को-पी या दोन भाषा जास्त चालतात. वेग बहुधा २४००, ४८०० किंवा ९६०० असतो. कॅमेऱ्यात जे असेल तेच कीपॅडच्या मेनूत भरायचं. पेल्को-पी मध्ये मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे कधी कधी १ नंबरचा हुकूम २ नंबर ऐकतो. तसं दिसलं तर घाबरू नका, भाषा तपासा.

हुकूम आतून कसा दिसतो?

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. पेल्को-डी मध्ये प्रत्येक हुकूम म्हणजे सात संख्या. १ नंबरच्या कॅमेऱ्याला मध्यम वेगाने उजवीकडे वळवायचं तर कीपॅड या संख्या पाठवतो :

२५५, १, ०, २, ३२, ०, ३५

पहिली २५५ म्हणजे "ऐका रे" अशी हाक. दुसरी कॅमेऱ्याचा नंबर. तिसरी आणि चौथी मिळून काय करायचं ते, इथे २ म्हणजे उजवीकडे. पाचवी आडवं वळायचा वेग, सहावी वर-खाली जायचा वेग. आणि सातवी? दुसरीपासून सहावीपर्यंतची बेरीज करा. १ + ० + २ + ३२ + ० = ३५. बेरीज २५५ च्या पुढे गेली तर २५६ ने भागून उरलेली बाकी घेतात.

कॅमेरा स्वतः ही बेरीज करून बघतो. जुळली तर हुकूम पाळतो, नाही जुळली तर वाटेत काहीतरी बिघडलं असं समजून सोडून देतो. आपण मुलांना ताळा करायला शिकवतो ना? यंत्रही ताळा करतं! मुलं जेव्हा म्हणतात, "बाई, ताळा कशाला करायचा?" तेव्हा मी आता हे उदाहरण देते.

२ नंबरच्या कॅमेऱ्याला त्याच वेगाने डावीकडे वळवायचं तर ४ हा हुकूम : २५५, २, ०, ४, ३२, ०, आणि शेवटची संख्या मुलांना काढू द्या. (उत्तर ३८.)

आणखी एक गोष्ट. दांडी सोडली की कीपॅड 'थांब' असा वेगळा हुकूम पाठवतो. तार ढिली असेल आणि नेमका तोच हुकूम पोहोचला नाही, तर कॅमेरा फिरतच राहतो. असा गरगरणारा कॅमेरा दिसला तर आधी स्क्रू घट्ट करा.

पायरी ९. तपासणी. प्रत्येक कॅमेरा एकेक करून हलवा आणि हलवताना बाकीच्या सगळ्यांचं चित्र पडद्यावर ठेवा. एक हलला आणि दुसरा स्थिर राहिला पाहिजे. ही दोन मिनिटांची तपासणी आमच्याकडे झाली असती तर मोटार कदाचित गेलीही असती, पण कडुलिंब बघत बसायची वेळ आली नसती.

पायरी १०. प्रीसेट भरा. प्रीसेट म्हणजे कॅमेऱ्याने लक्षात ठेवलेली जागा. दांडीने कॅमेरा हव्या त्या दिशेला आणा आणि ती जागा १ नंबरला साठवा. नंतर कितीही फिरवला तरी प्रीसेट १ बोलावला की कॅमेरा तिथेच परत येतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत अशीही सोय असते की काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर तो आपणहून मूळ जागेवर जातो. ती सोय असेल तर नक्की चालू करा.

शेवटी कीपॅडचा आणि रेकॉर्डरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. तो कागद कीपॅडलाच चिकटवू नका. हसू नका, मी बघितलंय.

चालत नसेल तर

- कोणताच कॅमेरा हलत नाही : कीपॅडची वीज, ए-बी उलट, भाषा किंवा वेग चुकला.
- एक हलतो, एक नाही : न हलणाऱ्याचा पत्ता बघा, मग त्याच्या आधीचा जोड.
- दोन एकदम हलतात : पत्ता एकच.
- कधी ऐकतो, कधी नाही : जोडी चुकली, फांद्या फोडल्या किंवा टोकाचा रेझिस्टर नाही.
- फक्त पावसात बिघडतो : बाहेरच्या डब्यात पाणी.

नवीन कॅमेरे घेणार असाल तर

आता बहुतेक कॅमेरे नेटवर्कवर चालतात. त्यांचा कीपॅडही नेटवर्कच्या स्विचला जोडतात. एकाच केबलमधून चित्र, हुकूम आणि बऱ्याचदा वीजही जाते. केबल १०० मीटरपर्यंतच. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना समजावीत म्हणून २००८ पासून ऑनव्हिफ नावाचं मानक आहे, ते दोन्हीकडे आहे का ते विचारून घ्या. डिप स्विच गेले, त्यांच्या जागी आयपी पत्ता आला. नियम मात्र तोच : दोघांना एक पत्ता द्यायचा नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं

कीपॅड हातात आला की कॅमेरा कुठेही वळवता येतो आणि जवळ आणून बघता येतं. म्हणून तो कुणाच्या हातात आहे, हे तारेइतकंच महत्त्वाचं. स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा नसावाच. फिरत्या कॅमेऱ्याची झेप शेजारच्या घराच्या अंगणात जात असेल तर ती मर्यादा मेनूत बांधून टाका. मुलांचं चित्रीकरण कुणाच्या मोबाईलवर, ग्रुपवर जाता कामा नये. पालकांनो, तुम्हीही शाळेत विचारा : कीपॅड कोण वापरतं? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? वीज गेली तर काय? हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही.

आमच्या शाळेत आता एक वही आहे. शाळा सुटताना ज्यांची पाळी असेल ते शिक्षक दोन्ही कॅमेऱ्यांचा प्रीसेट १ बोलावतात, दोन्ही चित्रं डोळ्यांनी बघतात, वेळ लिहून सही करतात. एक मिनिटाचं काम. नवी मोटार लोकवर्गणीतूनच आली. तिच्यावरही आता कुलूपबंद जाळी आहे, कारण कॅमेरा चोराला हात धरून थांबवत नाही. तो फक्त सांगतो, तेही बरोबर दिशेला बघत असेल तर.

जांब समर्थच्या मुलांना 'सावधान' शब्दाचा अर्थ विचारला की ती लग्नाची गोष्ट सांगतात. परवा एका चौथीच्या मुलीने वेगळं उत्तर दिलं. म्हणाली, "बाई, सावधान म्हणजे संध्याकाळी मागचा कॅमेरापण बघायचा."

मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.